काठावरचे जवान

सुरतेच्या गोडादऱ्यात घरी बसून मी साड्यांना फॉल लावते. परवा काम देणाऱ्या हसमुखभाईंनी साठ साड्यांचं बोचकं आणून टाकलं. मित्रदेशाशी संरक्षण करार झालाय, त्यांचे लष्करी अधिकारी सुरतेत येणार आणि स्वागताला उभ्या राहणाऱ्या बायका याच साड्या नेसणार.

साडी उलगडली आणि माझं डोकंच फिरलं. पदरभर त्यांची लढाऊ विमानं, त्यांचा झेंडा. आणि आपले जवान? ते खाली काठाला, ओळीनं, पायाशी!

मी म्हटलं, "भाई, माझा भूषण सीमेवर आहे. त्याला बायकांच्या चपलांना घासत नेणार?"

"अरे वत्सलाबेन, फोटो में तो पल्लू ही दिखेगा ना!" म्हणाले आणि हसले.

हसले! याच दोस्तांबरोबरच्या युद्धसरावापायी भूषणची रजा दोनदा रद्द झाली. सख्ख्या बहिणीच्या हळदीला पोरगा नव्हता. तेव्हा कुणी आला नाही फोटो काढायला.

बोचकं उचललं आणि त्यांच्या गाडीवर आदळलं.

"काठ झिजू नये म्हणून फॉल लावतात, भाई. ज्यांना झिजायलाच खाली ठेवलंय, त्यांना कशाला हवा फॉल?"