खांद्यावरचा कारकाख

मी कारकाख बोलतोय. दचकू नका, शिवी नाही. स्पेनच्या भाषेत भात्याला कारकाख म्हणतात. बाण ठेवायची, खांद्याला अडकवायची पिशवी. कुणी आल्हाबाही म्हणतं. यातला खांदा लक्षात ठेवा, कारण पनवेलजवळच्या कोन गावची वडीलधारी मंडळी नेमका तोच विसरली.

न्हावा-शेवाला बोट लागली तेव्हा दाढेनं हैराण झालेल्या एका स्पॅनिश खलाशाला कोनच्या जगननं आपल्या टेम्पोतून पनवेलच्या डॉक्टरकडे नेलं. खलाशानं खूश होऊन मला त्याच्या हातात ठेवलं. नाव सांगितलं, वापर हातवाऱ्यांनी दाखवला. जगननं मला लेकीला, समीक्षाला दिलं. ती पनवेलला तिरंदाजी शिकायची. माझा पट्टा तिच्या घामानं मऊ झाला.

मग त्र्याण्णवची खंडेनवमी आली. जिल्ह्याच्या संघाची निवड त्याच दुपारी. धनुष्य तिथे मिळणार, बाण आपापले. तिचे बाण माझ्यात, आणि मी काशिराम आजाच्या पाटावर, कोयता-पहारीशेजारी, झेंडू खोचलेला.

"पूजेतली वस्तू आज उचलायची नाय," आजा म्हणाला. "उद्या ने."

उद्या निवड नव्हती. तिनं परोपरीनं सांगितलं. जगन टेम्पोला हार घालत राहिला. बापापुढे गप्प बसणं म्हणजे या घरात संस्कार. पोरीचं वर्ष गेलं तरी चालतं.

जेवणं झाली आणि जासईच्या यार्डातून माणूस आला, अर्जंट माल होता. आजानंच जगनला पिटाळलं, गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून. हार घातलेला टेम्पो धूर सोडत गेला.

समीक्षा पाटापाशी आली.

"आजा, टेम्पोला आज आराम नाय का?"

आजा पानाला चुना लावत राहिला. तिनं मला उचललं.

आम्ही पोचलो तेव्हा मैदानावरची बाण मारायची निशाणं उतरवून झाली होती. परतताना एसटीत तिनं मला मांडीवर घेतलं, खांद्याला नाही लावलं.

पुढच्या खंडेनवमीला आजानं पाट मांडला, पण मला मागितलं नाही. निवड पुन्हा त्याच दिवशी होती; ती निघाली तेव्हा तो कुंकवाची वाटी घेऊन दारात आला. "उभी ऱ्हा," म्हणाला, आणि तिच्या पाठीवरच मला कुंकवाचं बोट लावलं. माफी वगैरे नाही. म्हातारी माणसं ती मागत नाहीत.

माझा राग अजून गेलेला नाही. माझी शिवण उसवलीय, तिच्यात ते कुंकूही तसंच आहे. तुमच्या घरात कुणी निघालं असेल तर वाट अडवू नका. कुंकू चालत्या पाठीलाही लावता येतं.