दरीकडचा कल

जिवतीहून खाली उतरणाऱ्या घाटात, एका अवघड वळणाच्या अलीकडे हेमराजने ब्रेक दाबला. गाडी डावीकडे कलली होती आणि डावीकडेच दरी होती.

ही गाडी फिरत्या दवाखान्याला परदेशातून दान म्हणून आलेली. तिला स्प्रिंगचे पाटे नव्हते. चारी चाकांवर तेलाचे दट्टे होते. पंप तेल ढकली तशी ती उचलली जाई, तेल सोडी तशी खाली बसे. दगडधोंड्यांतून ती डोंग्यासारखी डुलत चाले, आणि हेमराज डोंग्यातच वाढलेला. कुरखेड्याकडे त्याचा बाप तलावात जाळं टाकायचा. पण डोंगा कलंडला तर माणूस पोहून काठाला लागतो. इथे खाली नुसते दगड होते.

मागे फळीवर कोलू होता. मधाचं पोळं काढताना सकाळी झाडावरून पडला होता, कमरेचं हाड मोडलं होतं. उशाशी बायको बुधरी, पायाशी भाऊ लच्छू. नर्स शकुबाईंनी कोलूची नाडी धरली होती.

"काऊन थांबला, हेमराजभाऊ?"

"गाडी कलून राह्यली, बाई. असं वळण नाई घेता येत."

"बाजेवर टाकून नेऊ आमी," लच्छू म्हणाला.

"हलवला का गेला तो," शकुबाईंनी आवाज खाली आणला. "आत रक्त सांडून राह्यलं. जे करायचं ते लवकर करा."

डाव्या दट्ट्याचं तेल गळालं असणार, असं धरून हेमराजने डबा काढला, टाकीत तेल ओतलं आणि इंजिन चालू केलं. पंप घुरघुरला. गाडी सरळ होईल म्हणून तो वाट पाहू लागला, आणि ती आणखी डावीकडे झुकली. मागे फळी सरकली. कोलू ओरडला. बुधरीने स्वतःची पाठ लावून फळी अडवली. हेमराजने झटकन किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"भाऊ, तुले येते ना हे?" बुधरीने विचारलं.

तो खाली उतरला, चाकांना दगड लावले आणि डाव्या चाकापाशी उकिडवा बसला. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात घातला. एक वीत. ही गाडी तो रोज धूत असे, तिथलं अंतर त्याच्या हाताला पाठ होतं. वीतभर म्हणजे अगदी बरोबर! तो धावतच पलीकडे गेला. उजवीकडे वीत पुरेना, वर चार बोटं जागा उरली.

डावी बाजू बसलीच नव्हती. उजवी चढली होती.

तो आडवा होऊन खाली शिरला. चाक किती खाली-वर आहे हे यंत्राला कळवणारी बोटभर जाडीची सळई तिथे सुटून लोंबत होती. ती लोंबत होती म्हणून यंत्राला उजवी बाजू खालीच वाटत होती, आणि पंप आपला तिकडेच तेल ढकलत होता. आपण टाकी भरून त्यात भरच घातली, हे कळून त्याला स्वतःचाच राग आला.

आता उजवीकडचं तेल सोडायचं होतं. तेलाचा स्क्रू चाकाच्या आतल्या अंगाला होता. गाडी एकदम खाली आली तर हात गेलाच. लच्छूने उतरताना गाडीतली कुऱ्हाड घेतली, रस्त्याकडेच्या वाळल्या धावड्याच्या झाडाचा ओंडका डाव्या बाजूच्या मापाने तोडला आणि उजवीकडे, एक्सल आणि गाडीच्या सांगाड्याच्या मध्ये उभा केला.

"टिकंल का हे?" हेमराजने विचारलं.

"धावडा हाय, लोखंडावानी," लच्छू म्हणाला. पण ओंडक्याला धरून तो तिथेच बसला.

हेमराजने पाना लावला. स्क्रू हलेना. मग अचानक सुटला. गरम तेलाची चिळकांडी मनगटावर आली. त्याने दात आवळले, हात काढला नाही. गाडी कण्हत कण्हत खाली येऊ लागली.

"हळू, हळू..." आतून शकुबाई म्हणत होत्या.

तेवढ्यात हिसका बसला. गाडी दाणकन ओंडक्यावर टेकली. लाकूड तडकलं. लच्छूने डोळे मिटले. हेमराजची बाही चाकाच्या वर चेपली गेली होती, हात मात्र मोकळा होता. तेलाने निसटणारा पाना त्याने कसाबसा पुन्हा बसवला आणि स्क्रू आवळला.

"सरळ झाली!" बुधरी आतून ओरडली. "फळी सरळ झाली, भाऊ!"

बाही फाडून त्याने हात बाहेर ओढला. ओंडका ठोकून काढला, सळई तारेने बांधली आणि तरीही भरवसा नको म्हणून पंपाचा फ्यूज उपटून खिशात टाकला. मग गाडी वळणावर घातली. ती आता बैलगाडीसारखी आदळत होती, पण कलत नव्हती. प्रत्येक खड्ड्याला कोलू कण्हे आणि हेमराजला बरं वाटे. कण्हतोय म्हणजे आहे.

राजुऱ्याच्या दवाखान्यात स्ट्रेचर आत गेलं. लच्छूचं रक्त जुळलं, ते चढवलं. अंधार पडायच्या आत डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, माणूस वाचेल, पाय मात्र आखूड राहील.

बुधरी हे ऐकून भिंतीला टेकली. रडली नाही. पायरीवर बसलेल्या हेमराजकडे गेली. भाजलेला हात मांडीवर ठेवून तो दुसऱ्या हाताने चहा पीत होता. तिने त्याचं मनगट उलटं केलं आणि तिथला फोड पाहून हाक मारली, "ओ शकुबाई, या भाऊच्या हाताले काई लावा ना!"