पहारेकऱ्याचे डोळे

पीडितांचं दुःख हीच खऱ्या कलावंताची प्रेरणा असते. आमचा चित्रकार हे प्रत्येक मुलाखतीत सांगायचा आणि ते प्रत्येक वेळी ठळक अक्षरांत छापून यायचं. खरी गोष्ट अशी, की त्याला झोपलेली माणसं आवडत. ती हलत नाहीत, कंटाळत नाहीत आणि "माझं नाक खरंच असं आहे का हो?" असं विचारत नाहीत.

'श्रमिक' ही त्याची गाजलेली चित्रमालिका लोकांच्या दुपारच्या डुलक्यांवर उभी होती. हमाल, शिंपी, बसचा कंडक्टर. समीक्षकांना त्या वाकलेल्या मानांवर पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं दिसलं. ते बहुधा नुकत्याच झालेल्या जेवणाचं होतं.

मालिकेतलं सर्वांत मोठं चित्र मेव्हण्याचं. मेव्हणा साबणाच्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी. डबा संपला की खुर्चीत मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपायचा. चित्रकाराने त्याला फाटक, टोपी, बिल्ला अशा सगळ्या सरंजामासकट हुबेहूब उतरवला.

मग प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका छापून आली. उद्‌घाटक म्हणून साबण कारखान्याच्या मालकांचं नाव होतं.

"माझ्या भावाची नोकरी जाणार," बायको म्हणाली.

"अगं, ते चित्र त्याच्या शोषणाबद्दल आहे."

"घोरण्याबद्दल आहे. डोळे उघडा त्याचे."

"कलेत तडजोड करायची नसते."

"बरं. मग स्वयंपाकाचंही तुमचं तुम्ही बघा."

संध्याकाळी मेव्हणा स्वतःच आला. चित्रासमोर उभा राहिला.

"दाजी, दोन पोरी शिकतायत माझ्या. निदान मिशी तरी पुसा."

"मिशी पुसली तर तू आणखी गाढ झोपलेला दिसशील."

दोन दिवस स्वतःच्या हातची खिचडी खाल्ल्यावर चित्रकाराने तत्त्वांचा फेरविचार केला आणि डोळे उघडले. मान तशीच कललेली, जबडा तसाच लोंबलेला, आणि वर दोन टक्क उघडे डोळे. बायकोने लांबून पाहिलं, जवळून पाहिलं.

"बरा नाही दिसत," ती म्हणाली, "पण जागा दिसतोय."

उद्‌घाटनाला मेव्हणा बहिणीला घेऊन खांबाआड उभा होता. मालक हमाल, शिंपी, कंडक्टर यांच्यासमोरून भराभर पुढे आले आणि थबकले.

"हे आपलंच फाटक ना?"

मेव्हण्याने बहिणीचा हात घट्ट धरला.

"आणि हा आपला माणूस!" मालकांनी चष्मा काढून पुसला. "काय हे डोळे! कित्येक रात्री झोपला नसेल बिचारा. आम्ही आत एसीत बसायचं आणि ह्याने इथं असं... छे. हे मी बदलणार. सगळ्यांसमोर शब्द देतो."

टाळ्या पडल्या. चित्रकाराने झुकून नमस्कार केला. त्याच्या चित्राने कुणाचं मन बदलल्याची ही पहिलीच वेळ.

"सुटलो गं, ताई," मेव्हणा खांबाआडून बाहेर येत म्हणाला. बायकोने त्या दिवशी नवऱ्याला घरी गेल्यावर गरम गरम वाढलं.

मालक शब्दाचे पक्के निघाले. पुढच्याच आठवड्यात फाटकाला मोटर बसली. तिला पहारेकरी लागत नाही.