तीन कोण म्हणालं

आमच्या गाडीत आकडे म्हणायची पद्धत आहे. कंपाउंडर गाडी चालवतो, तो म्हणतो, "एक." त्याच्या शेजारी मास्तर, म्हणजे आमचा शिंपी, त्याचा "दोन." सगळ्यात मागे, सामानाच्या ढिगापलीकडे ड्रायव्हर, त्याचा "तीन." मधल्या सीटवर मी, "चार." चार ऐकल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही.

हा नियम ड्रायव्हरने आणला. तो शाळेची बस चालवायचा, आणि पोरं मोजल्याशिवाय त्याने एकवीस वर्षांत एकदाही बस सोडली नाही. सहलीला मात्र तो स्टिअरिंगला हात लावायचा नाही. "वर्षभर मी दुसऱ्यांची पोरं वाहतो, चार दिवस मला कोणीतरी वाहा," म्हणायचा आणि मागे ताणून द्यायचा. तिथूनच, डोळे न उघडता, झोपाळू खर्जात त्याचा आकडा यायचा.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि फावल्या वेळात मी माणसांच्या नकला करायचो. दोन्हीकडून माझं नाव नकल्याच पडलं. ड्रायव्हरचं ते "तीन" मला इतकं हुबेहूब जमायचं की खुद्द त्याची आई फसली होती.

सहा वर्षांपूर्वी, सहलीच्या पहिल्याच दिवशी, घाटमाथ्यावर ड्रायव्हर मागे राहिला. इंजिन निवायला थांबलो होतो, धुकं दाटलं होतं. गाडीत बसून आकडे म्हटले, चारही आले, गाडी निघाली. बऱ्याच वेळाने बघतो तर मागची सीट रिकामी. आम्ही वळून परत वर गेलो. तोवर तो आम्हाला खालच्या वळणावर गाठायला पायवाटेने उतरला होता आणि त्याचा पाय घसरला होता. तो सापडला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याने आकडा दिला आणि न सांगता पुन्हा खाली उतरला, असं कंपाउंडरने सगळ्यांना सांगितलं. मास्तरने तेच सांगितलं. मीही तेच सांगितलं. त्याची आई शेवटपर्यंत "वेंधळा गं माझा, वेंधळेपणानेच गेला" म्हणत राहिली.

तीन मी म्हणालो होतो. तो घाटमाथ्यावरच्या पत्र्याच्या शेडमागे जाताना मला दिसला होता. जरा पळवू या त्याला, धापा टाकत येईल, मग सगळे हसू, एवढाच माझा बेत. पण उतारावर थांबायला जागा मिळेना, मागे ट्रक लागला, आणि "अरे, मी गंमत केली" हे सांगायला मला जो उशीर झाला तो आजतागायत. त्यानंतर मी एकाही माणसाची नक्कल केली नाही. लोकांना वाटतं, दोस्त गेल्याचं दुःख. दुःख आहेच, पण मी भित्रा आहे हे त्याहून खरं.

यंदा त्याची आई गेली आणि महिन्याभराने त्याच्या बहिणीचा फोन आला. तो तिला धाकटी म्हणायचा, म्हणून आम्हीही धाकटीच म्हणतो, चाळिशी उलटली असली तरी. कोर्टात टायपिस्ट आहे, साक्षीदारांच्या जबान्या टाइप करते. "त्याच रस्त्याने न्या मला," म्हणाली. "दादा गेला ती जागा बघायचीय." नाही म्हणायला आम्हाला तोंड कुठे होतं?

सकाळी सहाला तिला घरून घेतलं. ती सरळ मागे गेली, बॅगा सरकवून बसली. "दादाची हीच ना?" मास्तरने दुकानातल्या तुकड्यांची शिवलेली उशी तिच्याकडे दिली आणि उगाच चष्मा पुसत बसला.

"एक." "दोन."

"तीन म्हण गं," कंपाउंडर म्हणाला.

"माहितीय. घरी जेवायला बसलो तरी मोजायचा तो," ती म्हणाली. "तीन." बारीक, स्वच्छ आवाज. माझा जीव भांड्यात पडला. मी चार म्हणालो.

शहर मागे पडलं, रस्ता चढू लागला. मास्तर कंपाउंडरच्या गाडी चालवण्याची टिंगल करत होता. "अरे, यापेक्षा माझं मशीन जोरात पळतं." धाकटी हसली, मग मागून तिचा आवाज आला.

"एक विचारू? दादा आकडा देऊन खाली उतरणाऱ्यातला होता का हो?"

कंपाउंडरने गिअर बदलला. "झोपेत असेल गं."

"झोपेत उतरला?"

मास्तरने काच वर केली.

"रोज दहा-पंधरा जबान्या टाइप करते मी," ती म्हणाली. "तिघांनी अगदी एकच वाक्य सांगितलं ना, की आमचे साहेब पेन खाली ठेवतात आणि नुसते बघत बसतात. तुम्ही तिघांनी एकच वाक्य सांगितलंत. नकल्यादादा, तुम्हाला काय वाटतं?"

"बाहेर बघ," मी म्हणालो, "दरी काय सुंदर दिसतेय!"

हे मी तिला म्हणालो. तिला! जीभ हासडून बाहेर फेकावीशी वाटली.

शेवटच्या मोठ्या चढाच्या पायथ्याशी चहा झाला. धाकटीने उरलेली बिस्किटं रुमालात बांधून घेतली. गाडीत बसलो. "एक." "दोन." "तीन." मी "चार" म्हणालो आणि गाडी हलली.

"थांबा की," धाकटी मागून ओरडली. "मी कुठे आकडा दिला अजून? तोंडात बिस्किट आहे माझ्या."

कंपाउंडरने ब्रेक दाबला. "दिलास की."

"नाही हो."

"मीही ऐकलं," मास्तर म्हणाला, आणि दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मास्तरच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं. "काय नकल्या, सुरू झालास का परत? चल, बरं झालं. सहा वर्षं तोंड शिवून बसला होतास."

मी हसलो. मी काही केलं नव्हतं, आणि तो आवाज मी ओळखला होता. बारीक नव्हता, स्वच्छ नव्हता. खर्जातला होता, कूस बदलता बदलता दिलेला. पण हसून टाकणं सोपं होतं, आणि सोपं ते मी नेहमीच करत आलोय.

त्यानंतर मी मागे वळून पाहिलं नाही. मागच्या सीटची स्प्रिंग अधूनमधून करकरत होती. धाकटी अंगाने काडीसारखी आहे. तिच्या वजनाने ती स्प्रिंग करकरायला नको, असं मला सारखं वाटत राहिलं. भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. तो आहे म्हणजे तो गेला नाही, असलं काहीतरी खुळं मनात येत होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला घाटमाथा आला. तोच पत्र्याचा शेड, तोच दगडी कठडा, आणि धुकंही जणू बोलावल्यासारखं आलं. इंजिन निवायला थांबलो. जागा कंपाउंडरने दाखवली. धाकटी कठड्याशी उभी राहिली, रडली नाही. रुमाल सोडून तिने बिस्किटं कठड्यावर मांडली.

वारा बोचायला लागला तसे आम्ही गाडीत शिरलो. काचा आतून धुरकटल्या होत्या. मागचं दार लागल्याचा आवाज मी ऐकला, की ऐकला असं मला वाटलं.

"एक."

"दोन."

"तीन."

कंपाउंडरने चावी फिरवली. आता फक्त माझा आकडा बाकी होता. तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी दोन्ही आकडे मीच म्हणालो होतो, तीनही आणि चारही, पाठोपाठ, हसू दाबत. आज चार म्हणालो की गाडी निघणार.

मी वळलो. सामानाच्या ढिगापलीकडे मास्तरची उशी होती. मधोमध दबलेली, कोणी नुकतंच डोकं उचलल्यासारखी. सीटवर कोणी नव्हतं.

"बंद कर गाडी!" मी ओरडलो. "धाकटी बाहेर आहे!"

दार उघडून उडी मारली. ती कठड्यापाशीच होती, आमच्याकडे पाठ करून, कठड्यावरून वाकून खालची पायवाट बघत. मी तिचा दंड धरला तेव्हा ती दचकली.

दोघंही मागोमाग आले. "मी स्वतः ऐकलं तीन," कंपाउंडरचा चेहरा पांढरा पडला होता. "मास्तर?"

"ऐकलं." मास्तरने माझ्याकडे बघितलं. या वेळी हसू नव्हतं. "नकल्या, ही काय थट्टा झाली? या जागेवर?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. थट्टा केली, चुकलो, माफ करा. दोघांनी चार शिव्या घातल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. गाडीतला आवाज माझ्या नावावर जमा झाला असता आणि सहा वर्षांपूर्वीचा त्याच्याच नावावर राहिला असता, कायमचा.

"आजचं माझं नाही," मी म्हणालो. "त्या दिवशीचं माझं होतं."

मग सगळं सांगितलं. शेडमागे गेलेला तो दिसला इथपासून ट्रकपर्यंत. मास्तरने चष्मा काढून खिशात ठेवला. कंपाउंडर एकदा माझ्या अंगावर आला आणि अर्ध्यावरच थांबला. धाकटी फक्त ऐकत होती, हाताची बोटं कठड्यावर हलकेच आपटत. टाइप करत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"म्हणजे तो वेंधळा नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"आई गेल्यावर सांगताय."

"हो."

ती गाडीकडे चालू लागली. मी उभाच राहिलो. मला इथेच ठेवून गेले असते तर ते बरोबरच होतं. दाराशी थांबून ती म्हणाली, "बसा. मोजल्याशिवाय निघायचं नाही, कोणाला मागे सोडायचं नाही, त्याचाच नियम आहे."

बसलो. "एक," कंपाउंडर म्हणाला, आवाज फाटलेला. "दोन," मास्तर म्हणाला.

"तीन म्हण," तो मागे वळून पुटपुटला.

"तीन त्याचा आहे. माझा पाच."

आम्ही थांबलो. पत्र्यावर वारा वाजत होता. मागच्या सीटवरून काही आलं नाही. ना आवाज, ना स्प्रिंगची करकर.

"तुम्हा तिघांना ऐकू आला," धाकटी म्हणाली, आणि आता पहिल्यांदा तिचा आवाज तुटला. "दोनदा. मला एकदाही नाही. चहानंतर तर मी इथेच बसले होते, त्याच्या जागेवर, तरी नाही. नकल्यादादा, तुम्ही म्हणा. त्याच्या आवाजात."

"धाकटे, नको."

"सहा वर्षं झाली ऐकून. म्हणा."

मी डोळे मिटले. घसा खाली नेला, शब्दावर झोप चढवली, कूस बदलली.

"तीन."

मागून तिचा हुंदका ऐकू आला. पुढचा आकडा माझा होता आणि तो मला माझ्याच आवाजात म्हणायचा होता.