काडी एकदाच लावली

बायको प्रमिला जाऊन महिना झाला तेव्हा शालिग्राम तिचं नाव रेशनकार्डावरून कमी करायला जळगावच्या कचेरीत गेला. कारकुनाने कार्ड उलटून पाहिलं.

"आता तुम्ही एकटेच? मग सेपरेट कार्ड कशाला ठेवता? भावाच्या कार्डात नाव घाला, हे जमा करून टाका."

"घरी विचारून सांगतो," शालिग्राम म्हणाला आणि कार्ड खिशात घालून निघाला.

सेपरेट. हा शब्द त्यांच्या घरात प्रमिलानेच आणला होता. तिचे वडील धुळ्याच्या गिरणीत कामाला. नवी नवरी असताना ती सांगायची, "आमच्या चाळीत नळ सेपरेट, न्हाणी सेपरेट." इथे अकरा माणसांचं एक घर, एक चूल आणि चुलीपुढे मोठी जाऊ बेबाबाई. मग प्रमिलाची लोणच्याची बरणी सेपरेट झाली, माहेरहून आलेली साबणाची वडी सेपरेट झाली. बेबाबाई म्हणायची, "नवरा तेवढा बठ्ठ्या घराचा, बाकी हिचं सेपरेट शे!" सगळ्यांबरोबर प्रमिलाही हसायची.

पण अडुसष्ट साली तिने चूलच वेगळी मागितली, तेव्हा कोणी हसलं नाही. शालिग्राम डाळमिलमधून तीन वाजता सुटायचा. तोवर भाकरी वातड व्हायची. "मला तुम्हाला गरम वाढायचंय," एवढंच ती म्हणाली. त्याला ते खरं वाटलं नाही. जावांचं भांडण असेल, असं तो धरून चालला. सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "घर फोडलंस तू." आणि तरी मागची खोली घेतली.

त्यांच्यात रीत होती. नवी चूल मांडली की थोरल्या बाईने जुन्या चुलीतला विस्तव द्यायचा. चुली दोन झाल्या तरी आग एकच राहते, असं म्हणायचे. प्रमिला खापराचा तुकडा घेऊन दारात उभी राहिली. तिला पाहून बेबाबाईने पेटत्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. "विस्तव नाही," म्हणाली. शेजारच्या बायांनी तोंडाला पदर लावला.

प्रमिला परत आली आणि काडी ओढून तिने चूल पेटवली. पुढे चार वर्षं रोज निजताना ती निखारे राखेखाली झाकायची आणि सकाळी फुंकून जागे करायची. गावाला जाताना ते राखायला शेजारणीला सांगून जायची. "मी काडी एकदाच लावली," असं अभिमानाने म्हणायची.

कावीळ पोटात उतरली तेव्हा शालिग्राम सोळा दिवस दवाखान्यात तिच्या उशाशी होता. एकदा तिने विचारलं, "विस्तव झाकला ना?" तो हो म्हणाला. मागच्या खोलीकडे कोणी फिरकलंच नव्हतं. तिला पोचवून आल्यावर त्याने राखेत हात घातला. राख गार होती.

कचेरीतून तो घरी आला तेव्हा थोरला भाऊ अभिमन ओट्यावर बसला होता.

"झालं काम?"

"कार्ड जमा करा म्हणतात, नाना."

"मग करून टाक. एका माणसाला चूल कशाला लागते? महिनाभर जेवतोस ना आमच्यात, तसाच जेवत जा. ती चूल मोडू, खोलीत कडबा ठेवू. झालं गेलं, आता पुन्हा एक होऊ."

नाना मायेनेच बोलत होता. म्हणून जास्त लागलं.

"नाही, नाना. कार्ड राहील आणि चूलही राहील."

"अरे, भाकरी कोण थापणार? तू?"

"शिकेन."

"गल्ली हसेल, शाल्या."

"तेव्हाही हसलीच ना."

रविवारी मिल बंद होती. दुपारी शालिग्रामने चूल सारवली. ओबडधोबड झाली. काटक्या रचल्या, परातीत ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ भिजवलं आणि काड्यापेटी हातात घेतली. काडी काही ओढवेना. दुसरी काडी लावली की तिचं 'एकदाच' संपलं. तो तसाच बसून राहिला.

दारात सावली आली. बेबाबाई होती. पदराचा बोळा करून तिने खापर धरलं होतं, आणि खापरात विस्तव होता.

"भाऊजी, काडी लावू नका."

त्याने काड्यापेटी खाली ठेवली.

"ती उभी होती. मला दिसत होती. तरी मी पाणी ओतलं." तिचे हात भाजत असावेत, पण तिने खापर खाली ठेवलं नाही. "चार वर्षांत तिने एकदा तरी बोलून दाखवायचं होतं. नाही बोलली."

मलाही नाही बोलली, असं शालिग्रामच्या मनात आलं. घर फोडलंस म्हणालो, त्यावरही नाही.

आता काय उपयोग, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने खापर घेतलं, विस्तव चुलीत सारला आणि प्रमिलाची फुंकणी तोंडाला लावली. आधी नुसता धूर झाला. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायची गरज पडली नाही. मग काटक्यांनी पेट घेतला.

"सरका, मी थापते," बेबाबाई म्हणाली.

"नको, वहिनी. सेपरेटच राहू द्या."

ती उंबऱ्याबाहेर टेकली. शालिग्रामची पहिली भाकरी तव्यावर जाताना फाटली. दुसरी जाड झाली, एका बाजूने करपली. ताट वाढायला कोणी नव्हतं. त्याने ती हातावरच घेतली. बोटं पोळली, तरी खाली ठेवली नाही. गरम होती.