माळशिरसची न उघडलेली शाखा

हल्ली आपण पत्ता माणसाला विचारत नाही, फोनला विचारतो. आणि फोन जे नाव सर्वांत वर दाखवील, त्याच्या भरवशावर घराबाहेर पडतो. उजनीकाठच्या बनाबाई अशाच निघाल्या होत्या. दुपारी त्या सोलापुरातल्या वीरभद्रप्पांच्या मोटर-वाइंडिंगच्या दुकानात शिरल्या आणि गोणपाटात गुंडाळलेली पाण्याची मोटर त्यांनी धाडकन टेबलावर ठेवली.

"माळशिरसची शाखा म्हंत्यात, ती हीच का वो?"

वीरभद्रप्पांची लेक शिवलीला हिने मान खाली घातली. सकाळी माळशिरसहून फोन करणाऱ्या याच बाईंना तिने सांगितले होते, "माळशिरसची शाखा आज बंद आहे, सोलापूरला या." खरे तर तेथे शाखा नव्हतीच.

पॉलिटेक्निकची पदविका घेऊन ती दुकानात आली, ते दिवस तिला आठवले. संध्याकाळी वार्निशच्या वासात अप्पा तांब्याची तार गुंडाळत आणि ती दुकानाचे संकेतस्थळ लिही. "लोक बोलतात तसंच लिही," अप्पा सांगत. "'मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही,' असं लिही. त्याखाली लिही, 'आधी कपॅसिटर, म्हणजे मोटरीला सुरुवातीचा धक्का देणारा छोटा भाग, बदलून पाहा, तो गावातही मिळतो. मोटर उचलून आणू नका.'" लोक शोधताना नेमके तेच शब्द टाइप करीत आणि पान आपोआप वर येई. वर येण्याची ती पहिली विद्या किती सरळ होती! विचारणाऱ्याच्या शब्दांत त्याला खरे उत्तर द्यायचे, एवढेच.

मग स्पर्धा वाढली आणि दुकानांची नावे फोनवर वर आणून देणारा मानसिंग नावाचा सल्लागार आला. प्रथम त्याने पानाची मांडणी नीटनेटकी केली. त्यात गैर काही नव्हते. पुढे त्यात बार्शी, माळशिरस ही नावे शिरली. नंतर प्रत्येक गावाचे वेगळे पान झाले, त्यावर खोटा पत्ता आला, विकतची वाहवा आणि चांदण्या आल्या. शेवटी 'मोटर आणू नका' ही ओळही गेली. "गिऱ्हाईक परत पाठवणारी जाहिरात कोण करतं, मॅडम?" मानसिंग म्हणाला होता. प्रत्येक पायरी इतकी लहान होती, की आपण उतरतो आहोत हे शिवलीलाला कळलेच नाही.

"तुमच्या पत्त्यावर रसवंती हाय!" बनाबाई बोलतच होत्या. "रसवाला म्हंतो, 'मावशी, ह्यो पत्ता धरून लई जण मोटरी घिऊन येत्यात. आता मीच वायंडिंग शिकतो की!' शेजारीच ईश्वरचं मोटर दुरुस्तीचं दुकान हाय, पर फोनात तुमच्या नावाम्होरं चांदण्याच चांदण्या, त्याच्याम्होरं एक बी न्हाय. म्हनून त्याला डावलून हितं आले. तिकडं केळीची रोपं माना टाकायल्यात."

अप्पांनी मोटर तपासली. वाइंडिंग शाबूत होते.

"बाई, नुसती गुणगुणत होती का?"

"व्हय की!"

"कपॅसिटर गेलाय. तुमच्या गावातच मिळाला असता."

बनाबाईंनी मोटरीकडे पाहिले. "मंग ही धोंड दिसभर कशापायी वागवली म्या?"

"अप्पा, सगळेच असं करतात," शिवलीला पुटपुटली.

"लीला, जुन्या गल्लीतून दुकान हलवलं, ते आठवतं?"

तिला आठवले. तेव्हा ती शाळेत होती. नवे दुकान उघडले, तरी अप्पा कितीतरी दिवस जुन्या दाराशी स्टूल टाकून बसत. चुकून आलेल्या प्रत्येकाला ते नव्या दारापर्यंत पोहोचवीत. ती डबाही तिथेच नेऊन देई.

"पाटी म्हणजे शब्द असतो, बाळ," अप्पा म्हणाले. "जिथं पाटी, तिथं माणूस पाहिजे. फोनातली पाटीसुद्धा पाटीच की! आणि ईश्वरच्या दारातलं गिऱ्हाईक आपण पळवलं, त्याला धंदा म्हणायचं?"

शिवलीलाचे डोळे खाडकन उघडले! तिने स्वतः कपॅसिटर बदलला, मोटर चालवून दाखवली आणि बनाबाईंना एसटीत बसवून दिले. मानसिंगला नको म्हणून कळवले. सगळी खोटी पाने पुसली, जुनी ओळ पुन्हा लिहिली.

पण पुसलेले पान शोधात काही दिवस रेंगाळते. म्हणून दुसऱ्या सकाळी बाप-लेक माळशिरसला गेले, ते दुकानातले जुने स्टूल घेऊनच. रसवंतीपुढे त्यांनी रंगवलेली पाटी टांगली: 'आमची शाखा येथे कधीच नव्हती. क्षमा असावी. मोटर दुरुस्तीसाठी शेजारी ईश्वर यांच्याकडे जावे.'

"म्हंजे माजं वायंडिंग शिकायचं ऱ्हायलंच की!" रसवाला हसला.

एक शेतकरी मोटारसायकलवर मोटर बांधून, फोनकडे पाहत थांबला. अप्पा उठू लागले.

"तुम्ही बसा, अप्पा," शिवलीला म्हणाली आणि त्याला ईश्वरच्या दारापर्यंत पोहोचवून आली.

बंधुभगिनींनो, आपले नाव लोकांना सापडावे यासाठी धडपडणे मुळीच वाईट नाही. परंतु लोकांना वाट दाखवण्यासाठी जन्मलेली विद्या त्यांची वाट चुकवू लागली, तर तिचा लगाम वेळीच खेचला पाहिजे. नाव वर चढवण्याआधी एवढेच पाहावे: त्या नावावर विश्वासून कोणी ओझे घेऊन आला, तर दाराशी आपण असू का?