घड्याळाखाली

लग्नाच्या वाढदिवसाला केक कापायचा नाही, असं जाईबाईनं पंधरा दिवस आधीच जाहीर केलं होतं. मुलगी प्रियांका हॉल बघून आली होती, मुलगा सम्यक पुण्याहून गाडी घेऊन यायला तयार होता. जाईबाई म्हणाली, "मला माहेरी न्या. टिटवाळ्याला. संध्याकाळी परत." त्यावर तिचा नवरा कुंडलिक लगेच म्हणाला, "ट्रेननं जाऊ." गाडी दाराशी येत असताना म्हातारा ट्रेनचं काय धरून बसलाय, ते कुणालाच कळेना.

शेजारच्या हेमांगीनं जिन्यात विचारलं, "टिटवाळ्याला म्हणजे गणपतीला का, काकू?"

"गणपतीला तुम्ही जाता गं. मी माहेराला चाललेय. आता तिथं आमचं कोणी नाही, नुसत्या बिल्डिंगा आहेत. पण खालची जमीन तर ओळखीची आहे ना!"

ट्रेनच का, ते कुंडलिकला माहीत होतं. एकाहत्तर वर्षांचा हा माणूस कोलशेतच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होता आणि सरळपणाबद्दल प्रसिद्ध होता. आमटीत मीठ जास्त झालं तर जास्त झालं म्हणायचा आणि वर बोलणीही खायचा. पण या सरळ माणसानं लग्नाच्याच दिवशी बायकोशी एक खोटं बोलून ठेवलं होतं, आणि ते त्याला पंचेचाळीस वर्षं पचलं नव्हतं. गेल्या महिन्यात त्याचा जुना दोस्त जगन गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जगनची बायको चारचौघांत म्हणाली, "यांनी माझ्यापासून कधी काही लपवलं नाही." लोकांनी डोळे पुसले. कुंडलिकनं मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही. तेव्हाच त्यानं ठरवलं, वाढदिवसाला हिला ट्रेनमध्ये खिडकीशी बसवायचं आणि सांगून टाकायचं. जिथं घोळ झाला तिथंच तो निस्तरावा.

घोळही साधासुधा नव्हता. सगळ्या वऱ्हाडानं मिळून खुद्द नवरीच हरवली होती.

लग्न टिटवाळ्याजवळच्या तिच्या गावात दुपारी लागलं. वऱ्हाड लोकलनं ठाण्याला निघालं. पुरुष पुरुषांच्या डब्यात, बायका बायकांच्या दोन डब्यांत. कुंडलिकच्या मंदाकिनी आत्यानं नव्या सुनेला खिडकीशी बसवलं आणि बजावलं, "मी सांगेन तेव्हाच उठायचं." एवढं बजावून आत्या कल्याणला उतरली आणि गप्पा मारायला दुसऱ्या डब्यात जाऊन बसली. ठाणं आलं. या डब्याला वाटलं, नवरीला आत्यानं नेलं. त्या डब्याला वाटलं, नवरी मागून येतेय. उठ म्हणून कुणी सांगितलंच नाही, आणि जाईबाई पडली गुणाची नवरी, ती बसून राहिली. पुढं बायका एका बसनं, पुरुष दुसऱ्या बसनं. वर्तकनगरच्या खोलीच्या दारात कुंडलिकची आई हौसाबाई भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं मुलावरून तुकडा ओवाळला, मुलाच्या शेजारी बघितलं, मागं बघितलं आणि विचारलं, "आणि सून कुठंय रं?"

तोपर्यंत नवरदेवाच्या ध्यानातच आलं नव्हतं! जगन वाटभर थट्टा करत होता, दोस्त खांद्यावर हात टाकून चालले होते, आणि नवरदेव दात काढून हसत होता. आता आपल्याबरोबर आणखी एक माणूस असतं, याची सवय व्हायला अजून एक दिवसही उलटला नव्हता. आईनं विचारलं तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली. तो तसाच उलट धावत सुटला. एक चप्पल वाटेत कुठंतरी निघाली, तिच्यासाठी तो थांबला नाही.

मिळाली ती गाडी पकडून, दारात लोंबकळत तो निघाला. मुलुंडला फलाटावरच्या घड्याळाखाली बाकावर त्याला पांढरी साडी दिसली. लग्नातली पांढरी साडी, मांडीवर हात, पाठ ताठ. गाडी ठाण्याहून सुटल्यावर बाहेर बघून तिला कळलं होतं की आपली माणसं खाली राहिली. मग ती पुढच्या स्टेशनावर उतरली आणि बसली. तिच्या वडिलांनी, आबांनी, लहानपणीच शिकवलं होतं, हरवलं तर इकडंतिकडं पळायचं नाही, घड्याळाखाली बसायचं. घड्याळाकडं सगळ्यांचीच नजर जाते. ती रडली नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

आणि कुंडलिक म्हणाला, "लगेच. ठाण्याला उतरलो नि लगेच."

"बरं," असं म्हणून ती उठली.

हेच ते खोटं. शब्द मोजून पाच. पण कुंडलिकला वाटायचं, आपला सगळा संसार या पाच शब्दांवर उभा आहे. 'घरच्या दारात पोचेपर्यंत तुझी आठवणसुद्धा नव्हती' असं सांगितलं असतं, तर ती पुढच्या गाडीनं टिटवाळ्याला परत गेली असती.

त्या दिवसापासून घराचा एक कायदा झाला. प्रवासात जाईबाई पोरांना घेऊन बायकांच्या डब्यात, कुंडलिक पुरुषांच्या, आणि उतरल्यावर भेटायचं घड्याळाखाली. सम्यक आणि प्रियांका शाळेत पत्ता पाठ करायच्या आधी 'हरवलं की घड्याळाखाली' एवढं शिकले होते. पुढं जाईबाई कल्याणच्या एका दवाखान्यात आया म्हणून लागली आणि तीस वर्षं बायकांच्याच डब्यानं गेली-आली. म्हणजे गंमत बघा, पंचेचाळीस वर्षांत हे नवरा-बायको ट्रेनमध्ये एका बाकावर म्हणून कधी बसलेच नव्हते.

"आज एका डब्यात हं," ठाण्याच्या फलाटावर कुंडलिकनं तिला तीनदा सांगितलं.

"हो हो. किती वेळा सांगाल? मी काय बहिरी झालेय का?" जाईबाईनं नवी निळ्या काठांची पांढरी साडी नेसली होती आणि हातात डबा धरला होता. बाकीची पिशवी त्याच्या खांद्यावर.

साडेदहाची वेळ, आडवा वार, मे महिन्याचं ऊन. शहराकडं जाणारी माणसं जाऊन बसली होती आणि टिटवाळ्याची गाडी रिकामीच आली. कुंडलिक चढला. खिडकीची जागा मिळाली. त्यानं घाईघाईनं रुमाल टाकला, जणू पन्नास माणसं त्या जागेवर टपली होती. मग समोर पिशवी ठेवली, पंख्याचं बटण दाबलं, मनातलं पहिलं वाक्य एकदा घोळवलं आणि वळून म्हणाला, "बस."

मागं कोणी नव्हतं.

गाडी अजून खाडीच्या पुलावरही आली नव्हती. काय झालं ते त्याला त्याच क्षणी उमगलं. गाडी दिसली आणि तिचे पाय तीस वर्षांच्या सवयीनं बायकांच्या डब्याकडं गेले, याचे पाय पुरुषांच्या. दोघांनी माना हलवून कबूल केलेलं पायांना कुणी कळवलंच नव्हतं. त्यानं मोबाईल काढून तिला फोन लावला. समोरच्या पिशवीतून तिचा फोन वाजायला लागला.

"धत् तुझी!" कुंडलिक स्वतःलाच म्हणाला.

कळव्याला तो रुमाल-पिशवी घेऊन उतरला आणि बायकांच्या डब्याकडं निघाला. पण एकाहत्तराव्या वर्षी गुडघे आपल्या सोयीनं चालतात. तो अर्ध्यात असतानाच गाडी हलली. बायकांच्या डब्याची खिडकी समोरून गेली, तिच्यात निळा काठ दिसल्यासारखा वाटला, आणि फलाट रिकामा झाला. तो घड्याळाकडं गेला. घड्याळाखाली एक कुत्रं झोपलं होतं.

आता त्याला भीती वाटायला लागली. पासष्ट वर्षांची बाई ही, तीस वर्षं या लाईनीवरून गेलेली. ती काय हरवणार, हे त्याला कळत होतं. तरी भीती जाईना, अगदी त्या संध्याकाळसारखी. आणि भीतीच्या खाली आणखी एक विचार होता, त्याची त्याला लाज वाटली. तिला कधी कळेल, मी नाही ते?

पुढची गाडी दहा मिनिटांनी आली. कुंडलिक बसला नाही, दांडा धरून दाराशी उभा राहिला. मुंब्रा आलं, घड्याळाखाली कोणी नाही. दिव्याला एक जोडपं भांडत होतं, ते त्यांचं चालू होतं. कोपरला कोणीच नाही. प्रत्येक स्टेशनावर तो बाहेर वाकायचा आणि गाडी सुटली की आत व्हायचा. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "काका, आत या ना, पडाल." तो म्हणाला, "बायको शोधतोय." मुलीनं हसू दाबलं.

डोंबिवलीला निळा काठ दिसला. घड्याळाखाली, बाकावर, मांडीवर डबा, पाठ ताठ. केस तेवढे आता साडीपेक्षा पांढरे होते. कुंडलिक उतरला आणि तिच्या शेजारी धपकन बसला. बोलायला दम उरला नव्हता.

"पाणी प्या आधी," जाईबाई म्हणाली. "पिशवीत आहे."

तो पाणी प्यायला. ती म्हणाली, "सांगायला लाज वाटते हो. मला डोंबिवली येईस्तोवर कळलंच नाही. एक बाई मेथी निवडत होती. एकटीच निवडत होती बिचारी. मी म्हटलं, द्या जरा. अख्खी जुडी निवडून झाली, मग तिनं विचारलं, तुम्ही एकट्याच निघालात का? तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पंचेचाळीस वर्षांचा नवरा, आणि एका मेथीच्या जुडीत विसरले मी!" आणि ती तोंडाला पदर लावून खदखदून हसली.

कुंडलिक तिच्याकडं बघत राहिला. जे सांगायला आपल्याला जन्म पुरला नाही, ते हिनं पाणी द्यायच्या सहजतेनं सांगून टाकलं. त्याला हसू येईना आणि राग तर मुळीच येईना. त्याचे डोळे भरून आले.

"अहो, रागावलात की काय?"

"जाई," तो म्हणाला. "त्या दिवशी, मुलुंडला. मी तुला सांगितलेलं ना, लगेच कळलं म्हणून. ते खोटं होतं. मी घरापर्यंत गेलेलो. हसत गेलेलो. आईनं विचारलं सून कुठाय, तेव्हा कळलं मला." फलाटावर कसलीशी घोषणा चालू होती ती संपली. "आजपर्यंत सांगायची हिंमत झाली नाही. आज ट्रेनमध्ये सांगणार होतो, तर हे असं झालं."

जाईबाईनं डबा मांडीवरून बाकावर ठेवला. मग वर बोट केलं, डोक्यावरच्या घड्याळाकडं.

"अहो, मी कुठं बसले होते तेव्हा?"

कुंडलिकनं वर बघितलं.

"मी बसले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तुम्ही आलात तेव्हा सात चोवीस. बसून बसून दुसरं बघणार काय होते मी? काटाच बघत होते. ठाणं ते मुलुंड एक स्टेशन. लगेच कळलेल्या माणसाला सव्वादोन तास लागत नाहीत."

पंचेचाळीस वर्षं कुंडलिक प्रत्येक स्टेशनावर घड्याळाखाली जाऊन उभा राहिला होता, पोरांना उभं करत आला होता; पण घड्याळ वेळही दाखवतं, हे काही त्याच्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? समोर एका पायात चप्पल घातलेला नवरा उभा, पाय रक्ताळलेला, आणि एवढंसं खोटं बोलताना त्याला दरदरून घाम फुटलाय. मी म्हटलं, याला खोटं जमत नाही. हा माणूस चालेल." तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण वाट बघत होते हो मी. दर वर्षी या दिवशी वाटायचं, आज सांगतील. सासूबाई गेल्या तेव्हा वाटलं, आता सांगतील. मग वाटलं, जाऊ दे, नाही सांगायचं तर नाही. आज कधी कळलं, मी डब्यात नाही ते?"

"खाडीच्या पुलाआधी."

"खरं?"

"जगनची शपथ."

जाईबाईनं पदरानं आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे. "आलात एकदाचे मुलुंडला," ती म्हणाली.

टिटवाळ्याची गाडी आली तेव्हा तिनं त्याच्या शर्टाची बाही घट्ट धरली होती. दोघं एकाच दारानं चढली. खिडकीची जागा होती, त्यानं तिला बसवलं आणि शेजारी बसला. ठाकुर्ली गेली, कल्याण गेलं. आंबिवलीनंतर नदीचा वारा आत यायला लागला तशी ती पेंगायला लागली.

"झोप," कुंडलिक म्हणाला. "टिटवाळा आलं की मी सांगेन, तेव्हाच उठ."

"तुमच्या घराण्याचं सांगणं मला माहीत आहे," डोळे मिटूनच ती म्हणाली, आणि त्याची बाही तिनं सोडली नाही.